नावाची नोंद किती काळ जपावी?

पुणे-सोलापूर महामार्गावरील भांडगाव (ता. दौंड) येथील शेतकऱ्यास पीककर्जासाठी सात-बारा उतारा हवा असला, की तो महाभूमी संकेतस्थळाचे नाव टंकित करतो. यंत्रास मात्र अंकांचा पत्ता लागतो. नावावरून तो शोधून देणारी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. दर वेळी मुळापर्यंत चौकशी होऊ नये म्हणून इंटरनेट सेवा पुरविणाऱ्याचा सर्व्हर मिळालेले उत्तर जपून ठेवतो. ते किती सेकंद जपावयाचे, हे नावाचा धनी नोंदीतच लिहून देतो. ८६,४०० म्हणजे एक दिवस.

दीर्घ मुदतीने उत्तर झटपट मिळते, मूळ सर्व्हरवरील भारही हलका होतो. परंतु संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलविले, तर जुना पत्ता जपणारे सर्व्हर शेतकऱ्यास रिकाम्या घरी पाठवीत राहतात. बँकेची मुदत काही थांबत नाही. उपाय सोपा आहे, मात्र तो वेळेवर व्हावयास हवा. मुदत एक दिवसाची असल्यास स्थलांतरापूर्वी किमान एक दिवस ती ३०० सेकंदांवर आणावी. ऐनवेळी कमी करून काहीच साधत नाही, कारण आधी दिलेल्या नोंदी जुन्या मुदतीनेच जगतात. तोवर जुने यंत्रही चालू ठेवणे शहाणपणाचे. सर्व सुरळीत झाल्यावर मुदत पुन्हा वाढवावी.

‘असे नाव नाही’ हे उत्तरही जपले जाते, याचा बहुधा विसर पडतो. १९९८ च्या मानकाने त्यासाठी एक ते तीन तास योग्य मानले आहेत. नवे नाव नोंदविण्याआधीच कोणी ते शोधून पाहिले, तर नोंद झाल्यावरही तेवढा वेळ त्यास नकारच मिळतो.