प्रोजेस्टेरॉन, वंध्यत्वोपचारातील
अंडमोचनानंतर अंडकोशातील पीतपिंडातून स्रवणारे स्टेरॉइड हॉर्मोन. ते गर्भाशयाचा अंतःस्तर गर्भरोपणास योग्य बनविते, सु. ८–१० आठवड्यांनंतर वार ते पुरेसे निर्माण करू लागते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी बाह्य फलनाने गर्भधारणा झालेले मूल जन्मले. या पद्धतीत अंडकोशाच्या उद्दीपनामुळे पीतपिंडाचे कार्य अपुरे पडते. गोठविलेला गर्भ केवळ औषधांनी तयार केलेल्या अंतःस्तरात सोडल्यास तर पीतपिंड नसतेच. बाहेरून दिलेले प्रोजेस्टेरॉन हाच आधार असतो. म्हणून थोडा रक्तस्राव दिसताच ते परस्पर थांबविणे घातक ठरू शकते. त्याने पाळीही लांबते, त्यामुळे चाचणीवाचून गर्भधारणा गृहीत धरू नये. हे औषध योनिमार्गे किंवा तेलातील अंतःक्षेपणाने देतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास कोणते तेल वापरले आहे ते आधी पाहावे लागते. पूर्वी नीलेत रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीस ते देताना विशेष दक्षता घेतात.