परग्रहावरचा चेहरा आणि आपल्या डोक्यातला साचा

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याबरोबर ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द फँटम मेनेस’ (१९९९) पाहत होतो. एक पंखवाला दुकानदार पडद्यावर आला आणि भाचा म्हणाला, ‘‘मामा, हा नक्की चिंगूस असणार.’’ त्या पात्राची दोन वाक्येही झाली नव्हती. ‘‘कशावरून?’’ मी विचारले. त्याला सांगता येईना. ‘‘दिसतोच तसा!’’

हे ‘दिसतोच तसा’ मी रुग्णालयातही ऐकतो, म्हणून हा विषय.

त्या दुकानदाराचे नाव वॅटो. बाकदार लांब नाक, पैशाची हाव, पदरी गुलाम. युरोपात ज्यूंची टिंगल करणारी जी व्यंगचित्रे पिढ्यान्‌पिढ्या निघाली, त्यांत हेच नाक आणि हीच हाव असे. याच चित्रपटातले कपटी, भित्रे परग्रहवासी व्यापारी आशियाई माणसाची नक्कल करावी तसे इंग्रजी बोलतात. सतत धडपडणाऱ्या जार जार बिंक्सच्या बोलण्यात अनेकांना कॅरिबियन बेटांवरचा हेल ऐकू आला. त्यावरून तेव्हा बरीच टीका झाली. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या बाजूने हे आरोप फेटाळले गेले. जार जार साकारणारे कृष्णवर्णीय अभिनेते अहमद बेस्ट यांनाही ते पटले नाहीत.

हेतू वाईट नसेलही. पण परग्रहावरचा प्राणी प्रेक्षकाला काही सेकंदांत कळावा लागतो, मग ओळखीचे साचे वापरले जातात. १९३० च्या दशकातल्या ‘फ्लॅश गॉर्डन’मधला दुष्ट सम्राट मिंग दुसऱ्या ग्रहावरचा, पण त्याचे नाव, मिशा आणि झगा थेट चिनी. पडद्यावर ती भूमिका एका गोऱ्या अमेरिकी नटाने केली. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेत १८८२ पासून १९४३ पर्यंत होता. समाजातली भीती अशी दुसऱ्या ग्रहावर जाऊन बसली.

साचे ओळखणे हा मेंदूचा दोष नव्हे. ताप, अंगदुखी आणि डोळ्यांमागे ठणका म्हटले की डॉक्टरला डेंग्यू आठवतो, तो याच कौशल्यामुळे. घोटाळा होतो तो आजाराऐवजी माणसालाच साच्यात बसवल्यावर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीयांची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते, अशा प्रकारची काही खोटी विधाने गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर आणि निवासी डॉक्टरांसमोर ठेवली. सुमारे निम्म्या जणांना त्यांतले किमान एक तरी खरे वाटले. अशा समजुती असलेल्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली आणि त्यांचे उपचारही तितके अचूक नव्हते.

हे वाचून मला माझी एक रात्र आठवली. मी निवासी डॉक्टर होतो. बांधकामावरचा एक परप्रांतीय मजूर पोट धरून कण्हत होता. त्याची भाषा मला नीट कळत नव्हती. ‘ही माणसं जरा जास्तच ओरडतात,’ असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाई. मीही पोटावर वरवर हात फिरवला, इंजेक्शन दिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. पहाटे कळले, अपेंडिक्स फुटले होते. शस्त्रक्रियेनंतर तो वाचला. पण तीन आठवडे अंथरुणात होता, रोजंदारी बुडाली. त्याच्याशी मी वाईट वागलो नव्हतो. मी त्याला नीट तपासले नव्हते, एवढेच. आणि तेवढे पुरेसे होते.

साच्याची किंमत अशी कुणीतरी जिवंत माणूस मोजतो. जार जारवर झालेल्या टीकेचा आणि टवाळीचा मारा त्या चित्रातल्या प्राण्यावर नव्हे, अहमद बेस्ट यांच्यावर आला. त्या काळात आयुष्य संपवण्याचा विचार मनात आला होता, असे त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत ते एका शूर जेडाय योद्ध्याच्या भूमिकेत परतले आणि प्रेक्षकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले.

मुलांना असे चित्रपट दाखवू नयेत, असे मी म्हणणार नाही. मलाही ते आवडतात. फक्त सोबत बसावे आणि ‘हा वाईट आहे हे तुला कशावरून कळलं?’ एवढे विचारावे. नाकावरून, बोलण्याच्या ढबीवरून की त्याने जे केले त्यावरून? वॉर्डात माझ्या विद्यार्थ्यांनाही मी हाच प्रश्न विचारतो. कुणी म्हणाले, ‘‘सर, हा पेशंट नाटक करतोय,’’ की मी म्हणतो, ‘‘कशावरून? आधी पोट तपासा.’’