घड्याळाला कोणता सेल, टॉर्चला कोणता?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. अड्याळला रात्रीपासून लाईट नव्हती आणि बाहेर संततधार सुरू होती. अब्बा फजरसाठी मशिदीकडे निघाले आणि दारातच थांबले. टॉर्चचा उजेड पिवळा पडत पडत विझला होता. धानाच्या गावात पावसाळ्यात अंधारात पाय टाकणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. साप निघतातच. आम्ही टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल काढून टॉर्चमध्ये घातले. तेही पाच मिनिटांत बसले. अब्बांनी नमाज घरीच अदा केली आणि मग म्हणाले, "घरात मास्तर असून एक सेल धड नाही!"

बोल खरा होता. त्या रविवारी आम्ही कपाटाचा खण रिकामा केला, तर २१ सेल निघाले. चांगले कोणते आणि संपलेले कोणते, कुणालाच माहीत नव्हते. दोन सेल फुटून त्यांचे पाणी पसरले होते. पैसे खर्च होत होते आणि वेळेला उजेड मिळत नव्हता. याला इसराफ नाही तर काय म्हणायचे? मग आम्ही भंडाऱ्याला जाऊन चौकशी केली, पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तोच इथे देत आहोत.

आपल्याच मातीतला सेल

साध्या पेन्सिल सेलचे बाहेरचे डबडे जस्ताचे असते, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती काळी भुकटी. ही भुकटी मँगनीज डायऑक्साइडची. आमचे अड्याळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पवनी तालुक्यात. उत्तरेला तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे 'मॉईल' या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण आहे आणि तिथले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांना जाते. वर्गात हे सांगितले की मुले हातातला सेल पुन्हा उलटून-पालटून पाहतात.

हा सेल वीज देताना त्याचे जस्ताचे डबडेच झिजत जाते. म्हणून संपलेला सेल तसाच आत राहिला की गळतो आणि घड्याळ किंवा रिमोट खराब करतो. अल्कलाईन सेल महाग, पण टॉर्च-खेळण्यात साध्यापेक्षा बराच जास्त चालतो. तिसरा एकदाच वापरायचा लिथियम सेल. तो वजनाला हलका, किमतीला बराच जड. पण न वापरता ठेवला तरी दहा वर्षांहून अधिक काळ टिकतो. कडाक्याच्या थंडीतही तो चालतो, मात्र त्या गुणाचा उपयोग लडाखला, आपल्याकडे नाही.

चौथा चार्जिंगचा, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचा सेल. तो शेकडो वेळा भरता येतो. त्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेले पाहून लोक बिचकतात. पण साध्या सेलचे १.५ व्होल्ट वापरताना उतरत जातात, तर हा बराच वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो. त्यामुळे बहुतेक वस्तू त्यावर नीट चालतात. रक्तदाबाच्या यंत्रासाठी मात्र त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

हिशेब

आम्हाला चार चार्जिंगचे सेल आणि चार्जर मिळून १२०० रुपये लागले. साधा सेल १२ रुपयांचा धरला, तर तेवढ्या पैशांत १०० सेल येतात. अब्बांच्या टॉर्चला दोन सेल लागतात आणि साधी जोडी जेमतेम पंधरा दिवस जाते. म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास सेल. दोन वर्षांत पैसे वसूल. मुलांच्या खेळण्यालाही तेच सेल वापरले तर त्याआधीच. विजेचा खर्च नगण्य. एका युनिटमध्ये चार सेल निदान चाळीस वेळा भरतात.

आता भिंतीवरचे घड्याळ घ्या. त्याला वर्षाला एक सेल पुरतो. तेच चार सेल चार घड्याळांत घातले, तर पैसे वसूल व्हायला २५ वर्षे लागतील, आणि तेवढा काळ तो सेल टिकणारच नाही. म्हणून चार्जिंगचा सेल सगळीकडे चांगला, हे म्हणणेही बरोबर नाही.

आम्ही ठरवले ते असे. रोजच्या टॉर्चला आणि खेळण्याला चार्जिंगचे. दोन सेल टॉर्चमध्ये, दोन भरून तयार. घड्याळ आणि रिमोटला साधे, वर्षातून एकदा बदलायचे. आणि दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या दुसऱ्या टॉर्चसाठी लिथियमचे दोन सेल. ती टॉर्च फक्त अडीअडचणीला. चार्जिंगचे सेल घेताना 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले घ्यावेत. दुसरे नुसते ठेवूनही उतरतात, आणि आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात आणखी लवकर.

जपायचे काय

साधा किंवा लिथियमचा एकदाच वापरायचा सेल चार्जरमध्ये कधीही घालू नये. तो फुटू शकतो. जुना-नवा, साधा-चार्जिंगचा असे सेल एकत्र लावू नयेत. संपलेला सेल चुलीत टाकू नये.

सर्वांत मोठी काळजी बटन सेलची. छोटे रिमोट आणि गाणी म्हणणारी खेळणी यांत तो असतो. लहान मुलाने तो गिळला आणि घशात अडकला, तर दोन तासांत आतून भाजून जखम होऊ शकते. वापरून संपलेला सेलही घातक ठरू शकतो. ईदला बच्च्यांसाठी खेळणे घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का, हे आधी पाहा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, केळे-भात चारून वाट पाहू नका. सरळ दवाखाना गाठा आणि एक्स-रे काढा.

संपलेले सेल कुठे टाकायचे? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळे देण्याची जबाबदारी आपल्यावर. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते, त्याचा अर्थ हाच. आम्ही लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी ठेवली आहे. लिथियम आणि बटन सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्यात टाकतो. बरणी भरली की नागपूरच्या फेरीत ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यायची. तलावात किंवा धुऱ्यावर फेकायचे नाही. त्याच पाण्यावर आपले धान पिकते.

यंदाचा पावसाळा लागला आहे. अब्बा रोज इशा झाल्यावर स्वतः टॉर्च पेटवून पाहतात, उतरलेले सेल आमच्या हातात देतात आणि भरलेले मागून घेतात. मास्तरांची परीक्षा अजून संपलेली नाही.