हेमिना म्हणजे नक्की किती?

संत बेनेडिक्टच्या मठनियमावर हिल्डेमारनं लिहिलेल्या टीकेची तिन्ही रूपं या आठवड्यात शेजारी-शेजारी ठेवून बघू, असं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्येच एका माळकरी वाचकाचं पत्र आलं आणि मी दुसऱ्याच वाटेला लागलो. त्यांचा प्रश्न रोखठोक आहे: बेनेडिक्टचे हे साधू वाइन पीत होते का? आणि पीत असतील, तर किती?

पीत होते. नियमाच्या चाळिसाव्या प्रकरणात तसं लिहिलंच आहे, पण जरा नाइलाजानं. वाइन साधूंसाठी नाहीच, असं आपण वाचतो खरं, पण हल्लीच्या साधूंना ते पटत नाही. तेव्हा निदान गळ्यापर्यंत पिऊ नये, असा बेनेडिक्टचा सूर. दुसऱ्यानं किती खावं-प्यावं हे आपण ठरवायचं, याचाही त्याला संकोच वाटतो. तरी शेवटी तो माप सांगतो: माणशी दिवसाला एक हेमिना. उन्हाळा असला किंवा काम कष्टाचं असलं, तर मठाधिपतीनं हात थोडा सैल सोडावा.

पण हेमिना म्हणजे किती, यात टीकाकारांचा जीव पुढे शतकानुशतकं अडकला. रोमन हिशेबानं ती अर्धा सेक्स्टेरियस, म्हणजे पाव लिटरहून जरा जास्त. पण रोमचा अंमल गेला, मापं जागोजागी बदलली. आपल्याकडे एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेत चालत नसे, तसलाच प्रकार. सेव्हिलचा इसिदोर हेमिना वजनात सांगतो, एक लिब्रा. झालं! आता भांडण लिब्रा कोणता धरायचा यावर.

बेनेडिक्टच्या मोंते कासिनोच्या मठात मात्र माप नुसतं पोथीत नव्हतं, हाताशी होतं. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाँबर्डांनी मठ लुटला तेव्हा साधू रोमला पळाले. जाताना त्यांनी काय उचललं, ते पॉल द डीकननं नोंदवलंय: नियमाची पोथी, आणखी काही लिखाण, पावाचं वजन आणि वाइनचं माप. मागे लुटारू लागलेत आणि हे लोक तराजूतलं वजन सांभाळत चाललेत!

787 साली फ्रँकांचा राजा शार्लमेन मोंते कासिनोला जाऊन आला. पुढे त्यानं नियमाची अस्सल प्रत मागवली, तेव्हा मठाधिपती थिओडेमारनं प्रतीबरोबर चार लिब्र्यांचं एक वजन पाठवलं. तेवढ्या वजनाचा पाव भाजायचा आणि त्याचे एकेका लिब्र्याचे चार तुकडे करायचे. हे वजन खुद्द बेनेडिक्टनं ठरवलेलं, इथेच सापडलेलं, असं तो पत्रात ठासून सांगतो. वाइनची मापं त्यानं दोन पाठवली, एक दुपारच्या जेवणाचं, एक रात्रीचं. दोन्ही मिळून एक हेमिना होते, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा अंदाज, असं तो लिहितो. पावाचं वजन सापडलेलं आणि वाइनचा मात्र अंदाज! या एका शब्दासाठी मला ते पत्र पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. खुद्द बेनेडिक्टच्या मठातही हेमिना ठामपणे कोणी सांगत नव्हतं.

816 मध्ये आखेनच्या धर्मसभेनं आणखी एक सोय केली. वाइन मिळत नसेल तिथे दुप्पट बिअर द्यावी. तीही 'चांगली' बिअर, असं ठरावात नमूद आहे.

1667 मध्ये फ्रान्समधल्या पोर-रोयाल मठाच्या गोटातल्या क्लोद लान्सलोनं या एकाच विषयावर पुस्तक लिहिलं. निकाल शीर्षकातच: हेमिना म्हणजे फ्रेंच अर्धा सेतिए, आणि लिब्रा बारा औंसांचा. पोर-रोयालची मंडळी कडक, तेव्हा माप लहान निघणार, हे ओघानंच आलं. पण वाइनपुरतं मला त्याचं पटतं. माप मुळात मोठं असतं, तर उन्हाळ्यात वाढवून द्यायची मुभा बेनेडिक्टला लिहून ठेवावी लागली नसती.

पावाचं भांडण याहून चिवट आहे. माणशी रोजच्या त्या एका लिब्र्यातूनच रात्रीच्या जेवणासाठी तिसरा हिस्सा कोठाऱ्यानं बाजूला काढून ठेवायचा असतो. त्यात आता शिरलो, तर हिल्डेमारला आणखी महिनाभर ताटकळावं लागेल.