शेनम्यूचा चौथा भाग आणि बयाणा देणारी गिऱ्हाइके

एखादा माल बाजारात येईनासा झाला की गिऱ्हाईक चार दिवस हळहळते आणि मग दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. धंद्यातला हा रोजचा अनुभव. ‘शेनम्यू’ या जपानी व्हिडिओ गेमची गिऱ्हाइके मात्र वेगळीच निघाली. मालिकेचा दुसरा भाग २००१ साली आला आणि तिसरा थेट २०१९ साली. मधली अठरा वर्षे ही मंडळी जागची हलली नाहीत. एवढेच नव्हे, तर तिसऱ्या भागाचे काम सुरू व्हावे म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसा उभा करून दिला. आता चौथा भाग निघावा की नाही, निघाला तर कसा, आणि त्यात पैसे कोणी घालायचे, यावर त्यांच्यात जोराची वादावादी चालू आहे. गेम हा पोरखेळ म्हणा हवे तर, पण हा वाद पोरखेळ नाही. आगाऊ रक्कम घेऊन माल बनवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा तो आहे, म्हणून आम्ही या पानावर त्याला जागा देत आहोत.

प्रथम मूळ हकिगत सांगतो. सेगा ही जपानची नामांकित कंपनी. तिच्याकडे यू सुझुकी नावाचे अव्वल कारागीर होते. मोटरसायकलचा ‘हँग-ऑन’ (१९८५), मोटारींचा ‘आउट रन’ (१९८६), कुस्ती-कराट्याचा ‘व्हर्च्युआ फायटर’ (१९९३) ही त्यांचीच कामे. नाणे टाकून दोन-चार मिनिटे खेळायच्या यंत्रांवर नाव कमावलेल्या या माणसाने मग अगदी उलट्या टोकाचा गेम करायला घेतला. १९८६ सालचे योकोसुका शहर, र्‍यो हाझुकी नावाचा तरुण, त्याच्या डोळ्यांदेखत झालेला वडिलांचा खून आणि खुन्याचा शोध, अशी त्याची कथा. पण हा शोध कसा? गल्लीबोळांतून लोकांना विचारपूस करत फिरायचे, दुकान उघडायची वेळ होईपर्यंत ताटकळायचे, गोदीत फोर्कलिफ्ट चालवून रोजंदारी मिळवायची. १९८६ साली योकोसुकात प्रत्यक्ष जसे हवामान होते, तसेच गेममध्ये पाडण्याची सोयसुद्धा त्यात होती! शौकीन लोक जीव टाकतात तो या संथ बारकाव्यांवर. आणि पैसा गिळला तोही यांनीच.

गेम डिसेंबर १९९९ मध्ये जपानात विक्रीला आला. जाहिरातीसह खर्च ४ कोटी ७० लाख डॉलर झाल्याचे सुझुकी यांनी २०११ साली सांगितले. त्या वेळच्या भावाने ही रक्कम दोनशे कोटी रुपयांच्या घरात जाते. विक्री झाली सुमारे १२ लाख नगांची. म्हणजे विकलेल्या प्रत्येक नगामागे ३९ डॉलर नुसता खर्च. साधारण ५० डॉलरला विकल्या जाणाऱ्या मालातून दुकानदार आणि घाऊक व्यापारी यांचा वाटा वजा केला, तर हातात काय उरले असेल ते वाचकांना आम्ही सांगायला नको. त्यातला काही खर्च दुसऱ्या भागाच्याही उपयोगी पडला हे खरे, तरी मेळ बसत नव्हता तो नव्हताच.

बरे, १२ लाख हा आकडा वाईट म्हणावा असाही नाही. शेनम्यू सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’ या यंत्रावरच चालत असे आणि जगभर ती यंत्रे विकली गेली ९१ लाखांच्या आसपास. सात-आठ यंत्रमालकांपैकी एकाने हा गेम घेतला होता! याहून जास्त गिऱ्हाईक आणायचे तरी कुठून? ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी दुसरा भाग आला, कथा अर्ध्यावर टांगून संपला आणि पुढे सारे शांत झाले.

सुझुकी यांनी २००८ साली ‘वायएस नेट’ ही आपली स्वतंत्र पेढी काढली होती. सेगाकडून परवाना घेऊन १५ जून २०१५ रोजी त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. आपल्याकडे ग्रंथांची प्रकाशनपूर्व नोंदणी असते, तसलाच हा प्रकार. मागणी होती २० लाख डॉलरची. नऊ तासांच्या आत ती पुरी झाली. महिनाभरात ६९,३२० जणांनी मिळून ६३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४० कोटी रुपये. माणशी सरासरी ९१ डॉलर पडले. त्या काळी नवा गेम ६० डॉलरला मिळत असे, हे लक्षात घ्या. दुकानातला भाव ६०, आणि न पाहिलेल्या मालाला गिऱ्हाईक आपण होऊन ९१ मोजते!

येथेच आमच्या मते खरी ग्यानबाची मेख आहे. हा पैसा पाहून सगळ्यांना वाटले की बाजार प्रचंड आहे. वास्तविक या ६९ हजार लोकांनी बाजार किती मोठा आहे हे दाखवले नाही, आपला जीव किती मोठा आहे हे दाखवले. शिवाय जो पहिल्या दिवशी दुकानात धावत आला असता, त्याचेच पैसे चार वर्षे आधी घेऊन खर्च झाले. बयाणा म्हणून आलेली रक्कम हीच विक्री होती. दुकान उघडले तेव्हा नवे गिऱ्हाईक किती उरले होते, असा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. आणि ६३ लाख म्हणजे पहिल्या भागाच्या खर्चाचा जेमतेम सातवा हिस्सा. सोनी, डीप सिल्व्हर अशा मोठ्या भागीदारांचा हात लागला म्हणूनच गाडे पुढे सरकले.

माल डिसेंबर २०१७ मध्ये मिळेल असा अंदाज दिला होता. तो मिळाला नोव्हेंबर २०१९ मध्ये. पण उशिरापेक्षा लोक चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. संगणकावरची प्रत ‘स्टीम’ या दुकानातून मिळेल असे आधी सांगितले होते. जून २०१९ मध्ये अचानक जाहीर झाले की पहिले वर्षभर ती फक्त ‘एपिक’च्या दुकानात मिळेल. अशा एकाधिकाराच्या सौद्यात दुकान निर्मात्याला पैशाची हमी देते, म्हणून निर्मात्याचा मोह समजू शकतो. पण बयाणा घेताना एक पेढी सांगायची आणि माल दुसऱ्या पेढीवर ठेवायचा, याला व्यापारात काय म्हणतात? बरीच ओरड झाल्यावर परताव्याची सोय झाली आणि त्या परताव्याचा भार एपिकने उचलला. पैसे परत मिळाले, पण विश्वासाचा परतावा कोणी दिला नाही.

मग गेम कसा निघाला? जसा मागितला तसा. तोच संथपणा, तीच गल्लीतली विचारपूस. जुन्या शौकिनांपैकी कित्येकांचे डोळे पाणावले. इतरांना मात्र र्‍योची ताकद टिकवण्यासाठी सारखे काहीतरी खरेदी करून खायला घालावे लागते याचाच कंटाळा आला. आणि सर्वांत मोठी तक्रार ही की, कथा फारशी हललीच नाही. शेवटी खुनी आणि र्‍यो यांची गाठ पडते, पण हिशेब चुकता होत नाही. तिसऱ्या भागाअखेर कथा सुमारे ४० टक्केच झाली, असे सुझुकी यांनीच मुलाखतींतून सांगितले आहे.

आताचा वाद या ४० टक्क्यांवरून पेटलेला आहे. एक गट म्हणतो, वीस वर्षांत तीन भाग, या चालीने आमच्या हयातीत शेवट दिसणार नाही. तेव्हा मधली प्रकरणे गाळा आणि चौथ्यातच आटपा. दुसरा म्हणतो, घाई केलीत तर ते शेनम्यू राहणारच नाही. काहींनी व्यंगपटाचा मार्ग सुचवला होता. २०२२ साली १३ भागांची मालिका निघालीही, पण ती पुढे चालली नाही. सुझुकी यांचा स्वतःचा कल असा की, तिसरा भाग जुन्यांसाठी केला, चौथा करायचा तर नव्यांसाठी करावा. हे ऐकून ज्यांनी ९१-९१ डॉलर दिले, त्यांच्यापैकी काहींच्या मस्तकाची शीर उठली, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही आमचे मत सुझुकी यांच्या बाजूने पडते. जुन्या गिऱ्हाइकाची ओंजळ किती मोठी आहे हे एकदा मोजून झाले आहे.

पण नवे गिऱ्हाईक केवळ मारामाऱ्या वाढवून येईल, असे आम्हाला वाटत नाही. सेगाचीच ‘याकुझा’ मालिका पाहा. २००५ पासून ती नेमाने चालू आहे. तिच्यातही जपानी रस्ते, खानावळी, नाण्यांचे खेळ, सगळे आहे. मात्र तिने कामुरोचो नावाची वस्ती उभी केली आणि भागामागून भागात ती वापरली. पात्रे बदलली, भानगडी बदलल्या, पण भिंती त्याच. शेनम्यूने दर वेळी नवा गाव बांधला आणि काम झाल्यावर सोडून दिला. एकाने मांडव घरचाच ठेवला, दुसऱ्याने दर लग्नाला नवा शिवला. चौथ्या भागाचा हिशेब जुळायचा असेल तर मांडवाचा विचार आधी व्हायला हवा. शौकिनांच्या वादात याची चर्चा फार थोडी होते.

मागणी संपलेली नाही, हे निश्चित. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने सर्वांत प्रभावी गेम कोणता, असा लोकांना कौल विचारला, तेव्हा ‘डूम’ आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ यांना मागे टाकून शेनम्यू पहिला आला. तिसऱ्या भागाच्या प्रकाशनाचे हक्क २०२४ साली आयएनआयएन या जर्मन कंपनीने घेतले आणि सुधारित आवृत्ती जाहीर केली. चौथ्याचे मात्र वेगळे आहे. मालिकेचे मूळ हक्क सेगाकडेच आहेत आणि सुझुकी यांचा जन्म १९५८ चा आहे. पुन्हा बयाणा मागितला गेला, तर देणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: माल कोणत्या दुकानात मिळेल, कथा कुठवर जाईल आणि ठरल्याप्रमाणे न घडल्यास पैसे किती दिवसांत परत येतील. आणि त्याआधी सेगाने परवाना दिला आहे की नाही, हे विचारून घ्यावे.