ड्रेन बोल्ट: जितका घट्ट, तितका पक्का?

स्कूटरच्या मागच्या चाकापाशी गिअर ऑइलची छोटी पेटी असते. ऑइल बदलून झालं की मेकॅनिकने पान्याच्या दांड्यावर पाइप चढवायचा, ड्रेन बोल्ट जीव खाऊन कसायचा आणि वर ऐकवायचं, "आता थेंबही गळणार नाही!" कितीही समजावा, हे वाक्य काही बंद होत नाही.

गैरसमज: बोल्ट जितका कसाल, तितकी गळती कमी.

वस्तुस्थिती: ऑइल अडवतो तो वायसर, आटे नव्हेत. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा मऊ वायसर बोल्टचं डोकं आणि पेटी यांच्यामध्ये दबतो, बारीकसारीक ओरखडे भरून काढतो आणि ऑइलची वाट बंद होते. त्यानंतर लावलेला जोर फक्त आट्यांवर जातो. बोल्ट पोलादाचा, पेटी अ‍ॅल्युमिनियमची. मग मार कोण खाणार?

हिशेबच करा. 30 सेंटिमीटरच्या दांड्यावर 10 किलोचा जोर दिला, तर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, होतो साधारण 30 न्यूटन-मीटर. पाइप लावून लांबी दुप्पट केली की 60. एवढ्याशा बोल्टला कंपनी सांगते तो टॉर्क 30 पेक्षाही कमी असतो. खोटं वाटत असेल, तर आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून आकडा पाहा. कसता कसता पाना एकदम हलका फिरू लागला, की समजा आटे गेले. बोल्ट काढल्यावर त्याला चिकटलेली अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार दिसेल. ते तुमच्या पेटीचे आटे!

आता बाकीचे गैरसमज, झटपट:

"जुना वायसर चालतो." एकदा दबलेला वायसर पुन्हा नीट दबत नाही. काही रुपयांची वस्तू आहे, नवा घाला.

"टेफ्लॉन टेप गुंडाळा." टेपने आटे निसरडे होतात, तोच जोर बोल्टला जास्त ताणतो, शिवाय तुकडे ऑइलमध्ये जातात.

"आधी खालचा बोल्ट खोला." आधी वरचा भरण्याचा बोल्ट सुटतो का पाहा. तो अडकला आणि ऑइल सांडून बसलात, तर गाडी जागेवरच.

"आटे गेले, पेटी बदला." बहुतेक वेळा हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून काम भागतं.

"इंजिन ऑइल बदललं, म्हणजे झालं." स्कूटरचं गिअर ऑइल वेगळं असतं, 110 सीसीच्या गाडीत जेमतेम 100-120 मिलिलिटर. तेही वेळेवर बदलावं लागतं.

पुढच्या वेळी गॅरेजात दोनच गोष्टींचा आग्रह धरा: नवा वायसर आणि टॉर्क पाना. टॉर्क पाना नसेल, तर निदान तो पाइप तरी बाजूला ठेवायला सांगा.