सातव्या महिन्यात माहेरी जाताना
बाळंतपणाची तयारी : लेखांक ६

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आजही घरोघरी पाळली जाते. सातव्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि लेकीला घेऊन जायचं. आईच्या हातचं खाणं, संकोच न बाळगता आडवं होता येणं, रात्री बाळ रडलं तर घ्यायला दुसरं माणूस असणं, हे बाळंतिणीला हवंच असतं. ही रीत सोडा, असं मी सांगणार नाही. पण बाळंतपण कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली व्हायचं, हा या नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा निर्णय माहेरच्या पत्त्यावरून परस्पर ठरून जातो, तो कोणी बसून घेतच नाही. गेल्या आठवड्यात कळांच्या वेळी चालत राहणं, कुशीवर झोपणं, एपिड्युरल अशा पर्यायांबद्दल लिहिलं होतं. त्यातलं तुम्हाला काय मिळणार, हे दवाखाना ठरतो त्याच दिवशी बरंचसं ठरलेलं असतं.

पुण्यात राहणारी, माहेर परभणीचं, अशी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या सहा महिन्यांच्या तपासण्या पुण्यात होतात. सातव्यात ती परभणीला जाते आणि नवे डॉक्टर तिला पहिल्यांदा पाहतात ते त्यानंतर. नेमक्या याच काळात, म्हणजे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, गरोदरपणातल्या मधुमेहाची दुसरी तपासणी करायची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्तातली साखर मोजतात. ती १४० किंवा त्याहून जास्त आली तर आहार आणि उपचार लगेच सुरू करावे लागतात. पहिली तपासणी तिसऱ्या महिन्यात चांगली आली म्हणून दुसरी टाळता येत नाही, कारण वार जसजशी वाढते तसतसे तिच्यातले हार्मोन इन्सुलिनचा परिणाम कमी करत जातात. सामानसुमान बांधण्याच्या गडबडीत राहून जाते ती बहुतेक हीच तपासणी.

रक्तगट निगेटिव्ह असलेल्या बाईची गोष्ट याहून नाजूक. नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळही पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाच्या थोड्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्या की आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. या बाळाला सहसा त्रास होत नाही. पुढच्या बाळाच्या रक्तपेशी मात्र ही प्रतिपिंडं नष्ट करू लागतात. ते टाळण्यासाठी अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं. ते २८व्या आठवड्याच्या सुमारास एकदा देतात आणि जन्मलेलं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. २८वा आठवडा म्हणजे ओटीभरणाचेच दिवस. इकडच्या डॉक्टरांना वाटतं तिकडे देतील, तिकडच्यांना वाटतं देऊन झालं असेल. म्हणून निगेटिव्ह रक्तगटाच्या प्रत्येकीने निघण्यापूर्वी हे इंजेक्शन झालं आहे का ते विचारावं आणि झालं असेल तर तारीख फाइलवर लिहून घ्यावी.

फाइल म्हणजे सगळे मूळ कागद. सोनोग्राफीचे सगळे अहवाल घ्या, फक्त शेवटचा नको. बाळंतपणाची तारीख पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून सर्वांत अचूक कळते. तो कागद मागे राहिला तर नवव्या महिन्यात 'दिवस भरले की नाहीत' यावरच घोळ होतो. पाचव्या महिन्यात वार खाली दिसली असेल, तर ती वर सरकली का हे नंतर पुन्हा पाहावं लागतं आणि ते कोणाला तरी आठवणीने सांगावं लागतं. सरकारी नोंदणीचं माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर तेही सोबत न्या आणि माहेरच्या आशाताईंना दाखवा.

आता दवाखान्याबद्दल. पाचव्या-सहाव्या महिन्यात सणाला किंवा लग्नकार्याला माहेरी जाणं होतंच. त्याच फेरीत दवाखाना पाहून या आणि नाव घाला. आईचं, मावशीचं, वहिनीचं बाळंतपण तिथेच झालं ही ओळख उपयोगाची आहे, पण तेवढी पुरत नाही. तिथे जाऊन मी सगळ्यात आधी रात्रीबद्दल विचारीन. रात्री दोन वाजता कळा सुटल्या तर दवाखान्यात कोण असतं? डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात की गावाच्या दुसऱ्या टोकाला? भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात? रक्तपेढी गावात आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी? जन्मल्या बाळाला श्वास घ्यायला त्रास झाला तर त्याला कुठे नेतात? प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर रक्त मिळायला लागणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. स्वागतकक्षातला सोफा किंवा खोलीतला टीव्ही पाहून दवाखाना ठरवणाऱ्या नातेवाइकांना मी हे प्रश्न आवर्जून सांगते.

जुळं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, वार खाली असेल किंवा आधीचं सिझर असेल, तर या प्रश्नांची समाधानकारक उत्तरं मिळाल्याशिवाय माहेरी जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा वेळी लेकीने आईकडे जाण्याऐवजी आईने लेकीकडे येऊन राहावं. सासरच्या घरात व्याह्यांनी दोन महिने मुक्काम करणं अनेकांना अवघड वाटतं. तरी ते बोलून ठरवण्यासारखं आहे.

रात्रीची व्यवस्था समजली की पुढचा प्रश्न सोबतीचा. कळा येत असताना घरचं एक माणूस आत राहू शकतं का? पाठ चोळायला, घोटभर पाणी द्यायला, 'होतंय, बरोबर चाललंय' असं म्हणायला आपलं माणूस सतत जवळ असलं, तर नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं आणि कळांचा काळही काहीसा कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. सरकारी रुग्णालयांत अशी सोबत असावी, अशा सूचना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये काढल्या. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी आणि जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही आत येता यावं, असं त्यांत म्हटलं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दाराशी अडवतात. म्हणून आधीच विचारा आणि माणूसही आधीच ठरवा. पाचजणी बारीबारीने आत येणार असतील तर कोणालाच येऊ देणार नाहीत.

कळांच्या काळात चालू देतात का, की सलाइन लावून पलंगावरच ठेवतात? सरळ उताणं झोपलं की गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं, त्यामुळे डाव्या कुशीवर झोपायला किंवा टेकून बसायला मिळालं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार, धोका नसलेल्या बाईला कळांच्या काळात हलकं खाता-पिता यावं, प्रत्येकीला सरसकट खालून छेद देऊन टाके घालू नयेत, आणि बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर वरून दाब देऊ नये. याच शिफारशींत आणखी एक गोष्ट आहे. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावरच कळांचा जोराचा टप्पा सुरू झाला असं धरावं, आणि तिथून पहिलटकरणीला साधारण बारा तासांपर्यंत लागू शकतात. तोंड दोन सेंटिमीटर असताना दाखल झालेल्या बाईच्या घरचे संध्याकाळपर्यंत 'अजून किती वेळ?' म्हणून अस्वस्थ होतात आणि ती अस्वस्थता डॉक्टरांपर्यंत पोहोचते. घरच्यांना हा आकडा आधी माहीत असला तर बराच फरक पडतो.

सिझरबद्दल 'तुम्ही नॉर्मल कराल ना?' असं विचारून काही हाती लागत नाही, उत्तर होच येतं. 'कोणत्या परिस्थितीत तुम्ही सिझरचा निर्णय घेता, आणि त्या वेळी आम्हाला काय सांगता?' असं विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. एवढी तफावत केवळ बायकांच्या तब्येतीतल्या फरकाने पडत नाही. यात दवाखान्याची सोय आहे, कोर्टकचेरीची भीती आहे, पैसा आहे आणि मुहूर्त काढून येणारी कुटुंबंही आहेत. तरीही बाळाचे ठोके घसरत असताना किंवा वार तोंडावर असताना सिझर जीव वाचवतं, आणि तेव्हा वेळ घालवणं धोक्याचं असतं. आधी केलेलं बोलणं अशा क्षणी उपयोगी पडतं. डॉक्टर 'आता करावं लागेल' म्हणाले की घरच्यांना त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

खर्चाचं थोडक्यात सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. नॉर्मल आणि सिझर दोन्हींना. खासगीत जायचं असेल तर दोन्हींचा अंदाजे खर्च लिहून मागा. विमा असेल तर तो माहेरच्या गावातल्या त्या दवाखान्यात चालतो का हे कंपनीला विचारा. नोकरदार बाईला २६ आठवड्यांच्या प्रसूतिरजेपैकी तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, त्यामुळे भरपगारी रजेवर ती ३२व्या आठवड्याच्या आधी निघू शकत नाही. म्हणजे नव्या डॉक्टरांच्या हाती आणखी कमी वेळ उरतो, आणि पाचव्या महिन्यातली ती भेट तिच्यासाठी अधिकच गरजेची होते.

माहेर दुर्गम पाड्यावर असेल, पावसाळ्यात नाला भरून रस्ता तुटत असेल, तर तारखेच्या आधी काही दिवस दवाखान्याजवळ राहायला जाणं हाच सुरक्षित मार्ग. राज्याच्या आदिवासी भागांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी याचसाठी 'माहेरघर' चालवतात. गरोदर बाई सोबतीच्या माणसासह तिथे येऊन राहते आणि कळा सुटल्या की चालत लेबर रूममध्ये पोहोचते. आपल्या भागात ते आहे का, हे आशाताईंना विचारा. गाडीसाठी १०८ आणि १०२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, आणि रात्री येऊ शकेल अशा गावातल्या एका गाडीवाल्याशी आठव्या महिन्यातच बोलून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : तारीख उलटली आणि कळा नाहीत, तेव्हा कळा आणण्याची औषधं कधी देतात, कशी देतात, आणि थांबणं कधी योग्य असतं.